टाकीचा नैवेद्य

कानिफनाथला कारखान्यात सगळे 'जंतुसाहेब' म्हणत. मिरजगावच्या शेतकऱ्याचा हा मुलगा पुण्याहून बी.एस्सी. होऊन आला, गोदाकाठच्या एका साखर कारखान्यात मळीपासून मद्यार्क काढायच्या विभागात केमिस्ट म्हणून लागला, आणि भेटेल त्याला पाश्चरची गोष्ट सांगू लागला. शंभरावर वर्षांपूर्वी फ्रान्समधल्या एका कारखान्यात बिटाचा रस आंबवताना पिंपं नासायला लागली. पाश्चरने सूक्ष्मदर्शकातून पाहिलं, तर चांगल्या पिंपात यीस्टचे गोळे आणि नासलेल्यात बारीक काड्या. दोन्ही जिवंत. आणि असे जीव आपोआप उपजत नाहीत, बाहेरून येतात. हे सांगताना कानिफनाथ असा फुलायचा, की ऐकणाऱ्याला वाटावं, पाश्चर याचा सख्खा चुलता.

पण शिकवलेलं कुठे जाऊन उगवेल याचा नेम नसतो. एकाहत्तर सालच्या खंडेनवमीला यंत्रांना हळदकुंकू वाहून झालं आणि चेअरमन आप्पासाहेब यीस्ट वाढवायच्या टाकीपाशी थबकले.

"जंतुसाहेब, ह्यातलं जित्तं हाय म्हनता ना? मग सनासुदीला त्येला उपाशी कसं ठिवायचं?"

कानिफनाथ हां हां म्हणेपर्यंत त्यांनी झाकण उचललं आणि पळीभर पंचामृत आत सोडलं. ही टाकी आता ओतून द्या, म्हणून त्याने गयावया केली. ऐन दसऱ्याच्या तोंडावर अभद्र बोलू नका, एवढंच उत्तर मिळालं.

व्हायचं तेच झालं. त्या टाकीतल्या यीस्टच्या विरजणावर लावलेल्या सगळ्या मोठ्या टाक्या नासल्या. आंबट वासाने नाक धरायची पाळी आली, आणि खापर फुटलं केशरबाईच्या डोक्यावर. टाक्या धुणारी ही विधवा बाई याच नोकरीवर दोन पोरी वाढवत होती. तिने टाक्या नीट धुतल्या नाहीत असं परस्पर ठरलं, आणि तिला काढायला बैठक बसली. गरिबाचा गुन्हा ठरायला वेळ किती लागतो!

कानिफनाथ पेटला. सूक्ष्मदर्शक उचलून तो थेट बैठकीत शिरला आणि नासलेल्या टाकीतला थेंब काचेवर ठेवला. आप्पासाहेबांनी डोळा लावला.

"बारीक काड्या दिसत्यात. पन जंतुसाहेब, तुमीच सांगता, ह्ये आपोआप होत न्हाईत. मग आले कुठनं? बाईच्या हातातनंच ना?"

कानिफनाथने दुसरी काच सरकवली. "आता हे बघा."

"त्याच काड्या. ह्ये कशातलं?"

"दह्यातलं. खंडेनवमीला पंचामृतातून टाकीत गेलं, तसल्याच दह्यातलं."

आप्पासाहेबांचा चेहरा उतरला. कानिफनाथला वाटलं, जिंकलो! तेवढ्यात दाराशी उभी असलेली केशरबाई पुढे आली.

"देवाच्या पंचामृतानं कुठं नासत असतं व्हय, साहेब? माझाच हात कमी पडला आसंल. मी कबूल हाय."

"ऐकलंत?" आप्पासाहेबांच्या जिवात जीव आला. "बाई खरं बोलली."

कानिफनाथने तिला फाटकाशी गाठलं. त्याला रडू येत होतं आणि तिचा रागही येत होता.

"केशरबाई, सुटला होतात तुम्ही! का बोललात असं?"

"सुटले आसते. पन देवाच्या माथी दोष मारून भाकर खाल्ली, तर ती पोरींच्या अंगी लागंल का?" पदराने तोंड पुसत तिने विचारलं, "तुमचा त्यो पाश्चर, त्येला पोरी हुत्या का?"

नव्हत्या म्हणाला असता, तर तिथेच मिटलं असतं. पण पाश्चरबद्दल खोटं बोलायला त्याची जीभ रेटेना.

"होत्या," तो म्हणाला. "तिघी लहानपणीच गेल्या. दोघी तर तापाने."

केशरबाईने त्याच्याकडे पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता, कीव होती.

"मंग?" ती म्हणाली, आणि पोरींकडे निघाली.