डाव्या हाताचे टाके

माझ्या भरतकामाच्या वर्गातून वाकडा टाका बाहेर जात नाही, असं मी वीस वर्षं मिरवत आले. आग लागो त्या मिरवण्याला.

वाचनालयाच्या वरच्या खोलीत आम्ही बारा जणी वर्षभर बसत होतो. प्रत्येकीनं हातभर कापडावर आपलं आयुष्य भरायचं आणि दुसरीच्या कापडात नाक खुपसायचं नाही, एवढीच अट. अट माझीच होती, मोडलीही मीच.

काजवाली आमच्यातली सर्वांत हुशार. शिंप्याकडे तीस वर्षं शर्टांची काजं करत होती, म्हणून ती काजवाली. शाळेची पायरी, शिंप्याची खिडकी, लेकीचं झबलं, सगळं तिनं इतकं बारीक भरलं होतं की चष्मा लावूनही टाके मोजता येऊ नयेत. मध्येच मात्र वीतभर घोटाळा. बंद दार आणि दारापाशी बसलेली बाई, पण टाके लांबट, तिरके, एकमेकांवर चढलेले. कापड माझ्या हवाली करून ती लेकीच्या बाळंतपणाला गेली होती. डोळे दमले असतील बिचारीचे, असं मीच ठरवलं. फोन करून विचारायची अक्कल सुचली नाही. वर्षाअखेरीच्या प्रदर्शनात तिचं हसं नको, म्हणून तेवढा भाग उसवला आणि माझ्या सुबक साखळी टाक्यानं भरून टाकला. वर स्वतःची पाठही थोपटून घेतली.

प्रदर्शनाच्या दिवशी ती आली, कापडापुढे उभी राहिली आणि तिचा चेहराच उतरला. मी म्हटलं, जरा नीटनेटकं केलंय, एवढंच.

"बाई, या दारात यांनी माझी उजवी बोटं चेपली होती," ती हळूच म्हणाली. "पाच महिने चमचासुद्धा डाव्या हातानं धरला मी. म्हणून कापडावरचे तेवढे पाच महिने मुद्दाम डाव्या हातानंच भरले होते."

धरणीनं पोटात घ्यावं असं झालं मला.

तेवढ्यात तिचा नवरा आपल्या दोन भावांना घेऊन आला. बोटं चेपली तेव्हा बायको जिन्यावरून पडली, असं त्यानं सगळ्यांना सांगितलं होतं, हे मला मागाहून कळलं. लेक तेवढी खरं बोलत राहिली, तर घरच्यांनी तिलाच खोटं पाडलं. नवऱ्यानं नेमकं माझ्या साखळी टाक्यावर बोट ठेवलं.

"आमची पोर म्हणते, मी हिचा हात मोडला. हे मोडलेल्या हाताचं काम आहे का, तुम्हीच सांगा."

भावांनी माना डोलावल्या. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्याचा राग आलाच, पण त्याहून जास्त माझा आला. त्याच्या खोटेपणाला पुरावा मी तयार करून दिला होता, तोही फुकट आणि देखणा.

मी कापड भिंतीवरून उतरवलं, छोटी कात्री काढली आणि या वेळी आधी तिला विचारलं. तिनं मान हलवली.

"हे टाके माझे आहेत," मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले आणि उसवायला लागले. "हिचे मी काढून टाकले. ते वाकडे होते, डाव्या हातानं घातलेले."

"डाव्या हातानं कशाला?" धाकट्या दिरानं विचारलं.

"तुमच्या भावाला विचारा," काजवाली म्हणाली.

त्यानं भावाकडे पाहिलं. भाऊ खिडकीबाहेर बघायला लागला. कापडावर आता नुसती भोकं उरली होती, तिची आणि माझी, एकमेकांत मिसळलेली. याची लाज मला जन्मभर पुरेल.

काजवालीनं खुर्ची ओढली, कापड मांडीवर घेतलं आणि सुई डाव्या हातात धरली. पहिलाच टाका तिरका गेला. तिनं तो तसाच ठेवला.

"पुरे झाला तमाशा, घरी चल," नवरा म्हणाला.

"बसा," ती मान वर न करता म्हणाली. "पाच महिन्यांचं काम आहे."