बुजवलेली खाडी

कार्यालयातल्या संगणकावर तिने ‘पाठवा’वर बाण नेला आणि तेवढ्यात फोन थरथरला. सासूबाईंचा व्हिडिओ कॉल.

“अगं, बघ तुझ्या भिंगरीचे उद्योग!”

तिची चार वर्षांची लेक भिंगरी अंगणात घोट्याएवढ्या पाण्यात उभी होती आणि एक चप्पल होडीसारखी सोडत होती.

“आई, हे पाणी कुठून आलं?”

“मोठी भरती आहे ना आज. हल्ली येते खाडी पायरीपर्यंत. तू लगेच धसका घेऊ नकोस.”

धसका घेण्यात तिचा हात धरणारं घरात कुणी नव्हतं.

“तिला उचला. आधी आत घ्या!”

फोन तसाच उभा ठेवून तिने संगणकावरचा नकाशा मोठा केला. तीस वर्षांनंतरचा समुद्र. तो कुठवर चढेल त्यावरून कोणत्या वस्तीला बांध मिळणार, हे नगरपालिका आज संध्याकाळी ठरवणार होती. सगळा किनारा चौकोनांत विभागलेला; सासरच्या घरावर पांढरा चौकोन होता. पांढरा म्हणजे सुरक्षित, बांधाची गरज नाही.

ज्या संगणकीय मॉडेलमधून नकाशा निघाला होता, त्याचा समुद्रतळ तिने उघडून पाहिला. खाडी नव्हतीच. तिच्या जागी सलग जमीन.

“सर, इथली खाडी कुठे गेली?”

“बुजवली,” विभागप्रमुख चहा ढवळत म्हणाले. “तिचं तोंड आपल्या चौकोनापेक्षा अरुंद. उघडी ठेवली की गणित उधळतं, मॉडेल कोसळतं. सगळेच बुजवतात.”

“मग हा नकाशा पाठवता येणार नाही.”

“चौकोन लहान करून पुन्हा चालवायचं म्हणजे आठवडा गेला. आज नकाशा नाही दिला तर बैठक बारगळेल, मग वर्षभर बांधाचं नाव कुणी काढणार नाही.” त्यांची नजर फोनकडे गेली. “तुमचं घर आहे का तिथं?”

तिचे कान तापले.

“आहे. म्हणून तर दिसलं. जिथं आपलं कुणीच राहत नाही, तिथल्या किती खाड्या बुजवल्यात?”



“घेतलं बाई आत!” फोनमधून सासूबाई करवादल्या. “पाणी उतरायलाही लागलं. उगाच जीव खाल्लास.” मागे भिंगरीने भोकाड पसरलं होतं.

“रडतेय का ती?”

“चप्पल गेली वाहून.”

“कुठे?”

भिंगरीने आजीच्या हातून फोन ओढला. “समुद्रात!”

सर नकाशाकडे बघत राहिले. त्या घरापासून समुद्राकडे जाणारी वाटच त्यात नव्हती. त्यांनी कप बाजूला सारला आणि खुर्ची तिच्या टेबलाशी ओढली.

“नगरपालिकेला फोन लावा,” ते म्हणाले. “मी बोलतो. आठवडा मागून घेऊ.”