दोन खाचांचं घमेलं

मित्रांनो, आता सांगायचं तर मी लोखंडाचं एक घमेलं आहे. जुनं म्हणजे किती जुनं? तुमच्या आजीच्या डोक्यावर अजून काळे केस होते, तेव्हाचं. माझ्या कडेवर बोट फिरवलंत तर एका जागी ते अडखळेल. तिथं छिन्नीने पाडलेल्या दोन खाचा आहेत. लिहिता न येणाऱ्या एका बाईचं ते नाव आहे.

धुळ्याच्या झिपरू लोहाराने मला घडवलं. त्या वर्षीही पावसाने पाठ फिरवली होती. विहिरी तळाला गेल्या होत्या, झाडांची सावलीसुद्धा वाळल्यासारखी वाटे. गावोगावच्या माणसांना काम मिळावं म्हणून पाझर तलाव खोदायला घेतले होते. कुदळ-फावडं तिथं मिळे, घमेलं मात्र ज्याचं त्याने आणायचं. कुंदाबाईने मला विकत घेतलं आणि झिपरूला म्हणाली, "भाऊ, तठे शंभर घमेली ऱ्हातीन. मन्हं मन्हाच हातमा येवाले पाहिजे." झिपरूने मला ऐरणीवर पालथं घातलं आणि दोन घाव घातले. जन्मानंतर मला झालेली तेवढीच जखम, आणि तिचाच मला आजवर अभिमान वाटत आला आहे.

माझं बालपण मातीत गेलं. कुंदाबाई पदराची चुंबळ करी, मला डोक्यावर घेई आणि खड्ड्यातून वर चढे. भरलेलं वर, रिकामं खाली. भरलेलं वर, रिकामं खाली. दिवस संपला की ती मला नाल्यातल्या वाळूने घासून ठेवी. दुपारी माझ्यातच कामावर वाटलेली सुकडी घेऊन तिची दोन पोरं खात. मातीचं घमेलं एकदम ताट होऊन जाई, मित्रांनो. एवढा मान कुठल्या चांदीच्या वाटीला तरी मिळाला असेल का?

मग एका सकाळी मुकादम म्हणाला, काम बंद. का, ते त्यालाही ठाऊक नव्हतं. आठवडा गेला, दुसरा गेला, चुली थंड पडल्या. तेव्हा बाया म्हणाल्या, चला, साहेबाला विचारू. आपल्याजवळ दुसरं काय आहे? घमेलं आहे. तेच घेऊन जाऊ.

आसपासच्या सात-आठ गावांच्या बाया निघाल्या. उन्हाने वाट तापली होती, पायांत कुणाच्या वहाणा होत्या, कुणाच्या नव्हत्या. प्रत्येकीच्या डोक्यावर एक रिकामं घमेलं. धुळ्याचं देवपूर मागे टाकून पांझरा नदीच्या पुलावर आल्यावर कुणीतरी दगड उचलला आणि घमेल्यावर मारला. मग सगळ्यांनीच. कुंदाबाईचा आवाज खणखणीत होता. तिने चालता चालता ओवी बांधली:

रितं मन्हं घमेलं, रितं मन्हं पोट,
साहेब, तुन्हा दारले उना माय-लेकीसना लोट.

मी आयुष्यभर भरलेलं असताना मुकंच राहिलो. वाजलो ते रिकामं होतो म्हणून.

कुंदाबाईच्या शेजारी दुसऱ्या गावची एक नवी सून चालत होती. एकोणीस-वीस वर्षांची. ती दगड मारी तो भीतभीत. कुंदाबाई तिला म्हणाली, "बहीन, ते घमेलं शे, पोर नही. मार जोरमा." ती पोर हसली. तिचं नाव मंजुळा. कुंदाबाईने तिला माझ्या कडेवरच्या खाचा दाखवल्या. "हाई दख, मन्हं नाव. तुले लिव्हता येस का?" मंजुळा म्हणाली, "नही." "मंग तू बी पाडी ले," कुंदाबाई म्हणाली.

कचेरीपाशी शिपायाने सांगितलं, आवाज बंद करा, घमेली तिकडे निंबाखाली ठेवा, मगच साहेब बाहेर येतील. बायांनी आमचा ढीग घातला. साहेब आले, ऐकलं, आत गेले, पुन्हा आले. सोमवारपासून काम सुरू होणार आणि तोवर धान्य मिळणार, असं त्यांनी सांगितलं. बायांना रडावं की हसावं कळेना. दिवस कलला होता, घरं लांब होती. निंबाखाली एकच झुंबड उडाली. जिच्या हाताला जे लागलं ते तिने उचललं.

मला मंजुळेने उचललं.

घरी गेल्यावर तिचं बोट खाचांवर अडखळलं आणि तिने मला उजेडात धरलं. सासूला म्हणाली, "हाई तर कुंदाबाईनं शे. सकाळी दी येस." सासू म्हणाली, "कसं देशीन? दुसरानं भांडं रिकामं देवानं नही."

तुमच्या घरीही ही रीत असेल. शेजारणीची वाटी परत करताना तिच्यात चिमूटभर साखर तरी घालायची. पण त्या घरात तेव्हा चिमूटभरही नव्हतं. आलेलं धान्य मोजून मापून पोरांच्या तोंडी जात होतं. मंजुळा म्हणाली, पीक येऊ दे, मग भरून नेईन. पुढल्या वर्षी पीक आलं. पसाभर दादर ज्वारी माझ्यात घालून ती कुंदाबाईच्या गावी गेली, तर दाराला कडी. केळीच्या मळ्यांत काम मिळतं म्हणून ते घर जळगावकडे निघून गेलं होतं. कुठल्या गावी, ते कुणाला नीट सांगता येईना.

तिथून पुढे मी मंजुळाबाईकडे राबलो. शेण वाहिलं, शेंगा वाहिल्या. तिचा मुलगा प्रेमराज शिकून नोकरीला लागला, त्याने देवपुरात घर बांधलं, त्या घराचा पहिला स्लॅब पडला तेव्हा माल वाहायला मी होतो. घर उभं राहिलं आणि मी गच्चीवर गेलो. पाण्याच्या टाकीखाली ठिबकणारं पाणी झेलत राहिलो. गंजलो. सूनबाई दिपमाला एकदा कढीपत्ता लावायला मला भोक पाडायला निघाली, तर मंजुळाबाई जिना चढून वर आली. "भोक पाडू नको. ते दुसरानं शे."

"आई, पन्नास वर्षं झाली," दिपमाला म्हणाली.

"मंग? पन्नास वरीसमा मन्हं व्हयनं का?"

परवाच्या दिवाळीआधीची गोष्ट. सगळे गच्चीवर चहा पीत बसले होते आणि फोनचं बोलणं निघालं.

"माझा तर बोलता बोलता मरतो," प्रेमराज म्हणाला.

"पप्पा, चार वर्षांचा झाला. म्हातारा आहे तो," नात भूमिका म्हणाली. "माझापण तीस टक्क्यांवर आला की धाडकन बंद. जुना देऊन नवा घ्यायची ऑफर आहे, दोन्ही बदलून टाकू."

"आधी माझा बदला," दिपमाला म्हणाली. "फोटो मावत नाहीत."

"मम्मी, ते फोटो नाहीत. गुड मॉर्निंग आहेत."

सगळे हसले. मीही हसलो असतो, पण चार वर्षांचं म्हातारपण ऐकून मला त्या फोनची कीव आली. आणि तेवढ्यात दिपमाला म्हणाली, "जुनं काढायचंच तर ते घमेलंपण उद्या भंगारात देऊन टाकू. तळ जायला आलाय. आई, आता नाही म्हणू नका."

मंजुळाबाई नाही म्हणाली नाही. तिने कप खाली ठेवला आणि माझ्याकडे पाहिलं. मग भूमिकेला म्हणाली, "तुन्हा त्या म्हातारा फोनमा माणूस सापडस का?"

मग तिने पहिल्यांदा सगळं सांगितलं. पूल, दगड, ओवी, निंबाखालचा ढीग. प्रेमराज म्हणाला, "माय, तू मोर्चात होतीस? कधी बोलली नाहीस." ती म्हणाली, "काय बोलू? दुसरीनं भांडं लई उनू, ते सांगू का?"

भूमिकेने माझ्या खाचांचा फोटो काढला, खाली कुंदाबाईचं नाव आणि जुन्या गावाचं नाव लिहिलं आणि नातेवाइकांच्या सगळ्या ग्रुपवर पाठवलं. पहिले सात दिवस नुसती चेष्टा. एका मामांनी लिहिलं, लिलाव कधी आहे? दुसऱ्याने लिहिलं, आमच्याकडे तीन पडलीत, घेऊन जा. भंगारवाला दोनदा गल्लीतून ओरडत गेला. आठव्या दिवशी जळगावजवळच्या असोद्याहून जीवराम नावाच्या गृहस्थांचा निरोप आला: "कुंदाबाई माझी आई. फोटो तिला दिसत नाही, डोळे गेलेत. ती विचारते, खाचा दोनच आहेत का, आणि कडेवरच आहेत का?"

मंजुळाबाईने मला आधी वाळूने घासलं. दिपमाला म्हणाली, मिठाईचा बॉक्स ठेवू. मंजुळाबाई म्हणाली, दादर. काठोकाठ. तेवढ्या ओझ्याने तळ जाईल म्हणून दिपमालेनेच आतून तळाला जाड फडकं अंथरलं. आजी-नात बसने जळगावला आणि तिथून असोद्याला गेल्या. वाटभर मी मंजुळाबाईच्या मांडीवर होतो.

कुंदाबाई ओट्यावर बसली होती. हाडांची मोळी झालेली. मंजुळाबाईने मला तिच्यापुढे ठेवलं. तिचा हात कडेवरून फिरत आला, खाचांपाशी थांबला, मग आत गेला आणि दाण्यांत बुडाला.

"तू ती भीतभीत मारणारी का?" तिने विचारलं.

"हां, बहीन."

"मन्हा हातमा बी त्या दिन दुसरीनंच उनं व्हतं. ते कव्हयनंच फुटी गयं. तू इतला वरीस हाई कसाले ठेवं? तव्हयच आणी देती."

"घरमा दाणा नव्हता," मंजुळाबाई म्हणाली. "रिकामं कसं आणू? लाज वाटनी."

कुंदाबाईने मूठभर दाणे उचलून पुन्हा माझ्यात सोडले. मग म्हणाली, "साहेबना दारमा आपण रितं घमेलं वाजाडं. तव्हय लाज नही वाटनी. आनी मन्हा दारमा वाटनी? येडी. रितंच आणानं व्हतं. मन्हं बी रितंच व्हतं."

 मंजुळाबाईने तिचा हात धरला. भूमिकेने घाईने फोन काढला, पण तीसवर येऊन तो धाडकन बंद पडला. त्या दोघींचा फोटो कुठेही नाही. मी पाहिलं, तेवढंच.

मित्रांनो, आता मी असोद्याला असतो, माझ्या पहिल्या मालकिणीच्या घरी. जीवरामने खालून नवा पत्रा मारून दिला आहे. भूमिकेने फोन बदलला नाही, नवी बॅटरी घालून घेतली, असं ऐकतो. बदलला असता तरी माझी तक्रार नव्हती. वस्तू झिजतात, आमचा धर्मच तो. फक्त टाकण्याआधी आमच्यावर एकदा हात फिरवून पाहत जा. कुणाचं नाव बोटाला लागतं का, ते बघा. लागलं, तर त्या माणसाकडे जा. हात भरलेले असण्याची वाट पाहू नका. रिकामे गेलात तरी तो तुम्हाला ओट्यावर बसवून घेईल.