बगळा कंपनीचा पॉइंट

भोरला एसटी डेपोसमोर माझं फ्लेक्स छापायचं दुकान हाय. धनाजी म्हणलं की माणूस आधी मागं वळून बघतो, पाठीला काय चिकटवलं तर न्हाई. मागच्या साली म्या एका बोकडाच्या वाढदिवसाचा बारा फुटी फ्लेक्स लावला. शुभेच्छुक म्हणून चाळीस मोठ्या लोकांचे फोटो, आन् जेवायला या म्हणून खाली साडूचा पत्ता. शंभर माणूस जाऊन बसलं. साडू अजून बोलत न्हाई, माझा दिवाळीचा खर्च वाचतोय.

तर ही गोष्ट ऐकून तुमी बी म्हणणार, धन्याचंच कायतरी. म्हणा. सिद्धनाथ बी तेच म्हणला.

सिद्धनाथ माझा शाळेपासूनचा दोस्त, शिवरे गावचा. हायवेलगतचा तुकडा इकून त्याच्याकडं बावीस लाख आलं व्हतं. त्याची बायको रत्ना, माझी वैनी, तिनं किकवीला गीताबाईंची पाच गुंठं जागा बघून ठेवली. तिथं शेळ्यांचा गोठा, आन् गोठ्याला लागून दोन खोल्या. गीताबाईंनी शब्द दिला, चार महिनं दुसऱ्या कुणाला दावणार न्हाई.

आन् त्याच टायमाला सिद्धनाथच्या डोक्यात बगळा शिरला.

बगळा म्हंजे परदेशातली एक बारकी कंपनी. समुद्रात भोक पाडून तेल हुडकणारी. नाव जिभेवर बसत न्हाई, पण चिन्हात बगळा हाय, म्हणून आमी बगळा म्हणायचो. सिद्धनाथनं मला इस्कटून सांगितलं. मोठ्या कंपनीच्या पन्नास विहिरी असत्यात, एक कोरडी गेली तर शिंक बी येत न्हाई. बारकीची एकच विहीर. आफ्रिकेच्या अंगाला, दर्यात. तेल लागलं तर शेअर दसपट, न्हाई लागलं तर रद्दी. असले शेअर घेऊन देणारा पुण्यात एक एजंट व्हता.

एक दिवस दुपारी रत्नावैनी दुकानात आली. बसली न्हाई.

"भावजी, आजवर सगळ्या गावाला फसवलं. आता एकाला फसवा. बावीसच्या बावीस लाख दर्यात टाकायला निघाल्यात."

"माझं ऐकतोय व्हय त्यो?"

"तुमचं कोण ऐकतंय. कोंडिबा तात्यांचं ऐकत्यात."

कोंडिबा तात्या म्हंजे वेल्ह्याच्या वरल्या अंगाच्या धनगरवाड्यातला पाणाड्या. तळहातावर नारळ आडवा ठेवायचा आन् अनवाणी रान तुडवायचं. खाली पाणी असलं की नारळ आपुआप उभा ऱ्हातो. सिद्धनाथच्या अंगणात बोअरचा पॉइंट त्यांनीच दिला, एकशे चाळीस फुटावर गोड पाणी. त्या दिवसापास्नं सिद्धनाथ देवाआधी तात्यांच्या पाया पडतोय.

माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. बगळ्याच्या साईटवर समुद्राच्या तळाचा नकाशा व्हता, भोक पाडायच्या जागी लाल फुली. म्या त्यो बारा बाय दहाच्या फ्लेक्सवर छापला. तात्या त्यावर चालणार, प्लॅस्टिकवर नारळ काय उठत न्हाई, सिद्धनाथ एजंटाला न्हाई म्हणणार. इतकी सभ्य खोडी म्या जन्मात काढली नव्हती.

तात्यांकडं जाऊन सांगितलं. ते बिडी इझवत म्हणले, "खोटं म्या बोलणार न्हाई."

"बोलू नका की. नुसतं चाला."

"आन् उठला तर?"

"निळ्या कागदावर?"

"पाच पोती सिमिटाच्या कोब्यावर उठलाय माझा," तात्या म्हणले, पण आलं.

रविवारी, भर दुपारी, धनगरवाड्याच्या मागल्या कातळावर आमी दर्या अंथरला. चारी कोपऱ्यांवर धोंडं ठेवलं. ऊन असं की कातळावर पाय ठरत न्हाई. तात्यांनी चपला काढल्या, धोतर सावरलं, नारळ हातावर घेतला आन् निळ्यावर पाऊल टाकलं. रीतीप्रमाणं मालकानं मागं चालायचं, म्हणून सिद्धनाथ बी अनवाणी मागं. मी आन् वैनी कडेला. मी वैनीला डोळा मारला.

चार पावलं झाली. तात्यांनी धोतर घोट्यापातूर उचललं. मला वाटलं, म्हातारा रंगात आला. आणखी दोन पावलं, धोतर गुडघ्यापातूर. मग मांडीपातूर. नदी उतरताना माणूस जसा पाय टाकतो, आधी चाचपून, मग भार देऊन, तसं त्यांचं चालू व्हतं. लाल फुलीवर गेलं तवा छाती वर काढून, मान ताणून, तोंडानं श्वास घेत व्हते. नारळ आडवाच.

"बघ, कोरडी," मी म्हणलो.

तात्या थांबलं न्हाई. फुलीच्या पश्चिमेला, जिथं नुसता निळा रंग व्हता, दोन बोटं पुढं गेलं, आन् नारळ उठला. सावकाश न्हाई. झोपल्यालं माणूस हाक ऐकून बसतं तसा.

"हितं हाय," तात्या म्हणले. आवाज लांबून आला. "काळं हाय. लई हाय. ह्यांनी जागा चुकवली."

वैनीनं माझी बाही धरली. ती तात्यांकडं बघत नव्हती. चरायला सोडल्याली शेरडं फ्लेक्सच्या कडंला येऊन रांगेत उभी व्हती, आठ-दहा, आन् माना खाली घालून प्लॅस्टिक चाटत व्हती. मिठाचा खडा चाटावा तशी.

"भावजी, शाईत मीठ असतंय का?" वैनीनं इचारलं.

नसतंय.

तात्या भाईर आलं, कातळावर बसलं. लई येळ दम लागला व्हता. सिद्धनाथ चपला आणायला गेला तवा त्यांनी मला जवळ वढलं. "धनाजी, ह्याला सांग, पॉइंट बघितला त्यो बघितला. पर बसू नकोस. जमिनीत बसायचं त्ये येगळं."

आमच्याकडं बोअरची गाडी लागली की रानाच्या मालकानं अनवाणी पॉइंटजवळ बसायचं असतं. पाणी लागंपातूर उठायचं न्हाई. अडलंच तर घरच्या माणसानं ती जागा धरायची. जागा मोकळी पडली की पाणी माघारी जातं. जमिनीत हे एका दिवसाचं काम.

मोटारसायकलवर डोंगर उतरताना म्या सिद्धनाथला सांगितलं. त्यो असा हसला की गाडीचं हँडल हाललं. "धन्या, फ्लेक्स तुझा, नकाशा तुझा, आन् आता तात्यांच्या तोंडात शब्द बी तुझेच. पण नारळ तुझा न्हाई."

शपथ घेतली, पोरांची घेतली. त्यानं बोकडाच्या वाढदिवसाची आठवण काढली.

पण एक झालं, त्यानं एजंटाला थांबायला सांगितलं. मला वाटलं जिंकलो. वैनीनं चहा पाजला. सिद्धनाथचा हिशोब येगळाच व्हता. फुलीवर तेल न्हाई, म्हंजे विहीर कोरडी जाणार. शेअर पडणार. मग बगळा सरकून पश्चिमेला भोक पाडणार. पडल्यावर घ्यायचं.

आन् तसंच झालं की. तीन आठवड्यांनी बातमी आली, विहीर कोरडी. शेअर एका दिवसात रुपयाचा वीस पैसे झाला. पुढल्या आठवड्यात कंपनीनं कळवलं, शेवटचा पैसा घालून त्याच भोकातनं तिरकं, पश्चिमेला जाणार. नकाशावर मोजलं. दोन बोटं.

सिद्धनाथनं बावीसच्या बावीस लाख लावलं. वैनीला संध्याकाळी सांगितलं. ती शेळ्यांना पाला टाकत राहिली. मी गेलो तवा एवढंच म्हणली, "तुमी आडवं लावायला गेला आन् उभं करून आला."

तिकडं बगळ्यानं काम सुरू केलं त्या सकाळी सिद्धनाथनं माझा फ्लेक्स अंगणात अंथरला, चपला काढल्या, आन् फुलीच्या पश्चिमेला मांडी घालून बसला.

पैल्यांदा समद्यांना मजा वाटली. मला तर लईच. फोटो काढला, ग्रुपवर टाकला, शिवऱ्याचे दर्याराजे म्हणून. त्यो बी हसला. अंघोळीला, जेवायला उठायचा. त्या घटकेला वैनीला बसवायचा, ती बी कुरकुरत बसायची. चौथ्या दिवसापास्नं त्यो उठायचा कमी झाला.

नवव्या दिवशी मी गेलो तवा डोळं मिटून म्हणला, "आज थांबल्यात. पाईप अडकलाय."

"कुणाचा फोन आला?"

"कशाला फोन? गप झालंय खाली."

दुसऱ्या दिवशी कंपनीची बातमी आली. पाईप अडकला, काम एक दिवस बंद. म्या मोबाईल त्याच्याफुडं धरला. त्यानं बघितला बी न्हाई, म्हणला, "आता सुटला." तासाभरानं ते बी आलं.

तवापास्नं मी फोटो काढायचं बंद केलं.

त्याच्या पायाची कातडी पांढरी पडली, सुरकुतली, दिवसभर पाण्यात राबल्यावानी. कोरड्या अंगणात, भर उन्हाळ्यात. शेळ्या रात्रंदिस फ्लेक्सकडं दावं ताणायच्या, वैनीनं त्या मागल्या दाराला बांधल्या.

बत्तिसाव्या दिवशी तेल लागलं. मोबाईल वाजायचा थांबेना. एजंट म्हणला, असला स्ट्राइक दहा सालात बघितला न्हाई. दोन दिवसांत बावीसाचं तीन कोटी झालं. मी पेढं घेऊन शिवऱ्याला गेलो. सिद्धनाथ बसल्याला.

"ऊठ रं. लागलं की."

"हे वरचं," त्यो म्हणला. "खाली अजून हाय."

"आता इकायचं आन् किकवीचं खरेदीखत करायचं."

त्यानं मान हालवली. "मालकानं उठलं की माघारी जातंय, धन्या. तुला ठावं न्हाई का?"

कोंडिबा तात्यांना आणलं. ते फाटकातच थांबले, आत पाऊल टाकलं न्हाई. अंगणाकडं बघितलं, मग माझ्याकडं. "सांगितलं व्हतं का त्याला?"

"सांगितलं व्हतं."

"मग?"

"मी सांगितलं म्हणून त्याला खोटं वाटलं."

तात्या फाटकातनंच माघारी वळलं आन् एसटीकडं चालू लागलं. जाताना म्हणले, मालकानं आपुनहून सोडलं तर सुटंल, पर बसल्या जागी त्याला त्ये सुचणार न्हाई.

हे ऐकून वैनी आत गेली. भाकरी-कोरड्यास केलं, ताट वाढून वट्यावर ठेवलं, आन् अंगणात येऊन चपला काढल्या.

"उठा. म्या धरते जागा. जेवून घ्या."

घरच्या माणसानं म्हणल्यावर रीत हाय, त्यो उठला. वैनी बसली. सिद्धनाथनं चार भाकरी खाल्ल्या. तिसऱ्या भाकरीला त्यानं शेळ्यांची चौकशी केली. चौथीला मला शिवी दिली, माझा दोस्त माघारी आला. म्या त्याच्या हातात मोबाईल दिला. त्यानं आकडा बघितला, घाम पुसला, म्हणला, "एवढं कधी झालं?" आन् एजंटाला फोन लावून सगळं इकून टाकलं. उष्ट्या हातानं. माझ्यासमोर.

मी अंगणात धावलो. "वैनी, झालं. उठा."

वैनीचं डोळं मिटलेलं व्हतं. "भावजी," ती हळू म्हणली, "ह्यांनी इकलं. मग आता मालक कोण?"

"आसंल कोणतरी. आपल्याला काय?"

"त्यो यीपातूर जागा मोकळी कशी सोडू?"

किकवीची जागा घेतली. खरेदीखत वैनीच्या नावावर हाय, त्यासाठी रजिस्ट्रार साहेबाला शिवऱ्याला आणून अंगठा घ्यावा लागला. गोठा बांधला, खोल्या चार झाल्या. शेळ्या तिकडं नेल्या. सिद्धनाथ सकाळ-संध्याकाळ मोटारसायकलवर डबा आणतो, वैनीला भरवतो. मी जागा धरतो म्हणतो, तर ती मला बसू देत न्हाई. म्हणती, तुमी घरचं न्हाई, आन् ह्यांनी तर इकलंय.

म्या हे पुण्यात दोन डॉक्टरांना सांगितलं, एका पत्रकाराला सांगितलं. पत्रकारानं भोरला फोन करून माझी चौकशी केली आन् परत फोन उचलला न्हाई.

मग म्या मला येतं त्ये केलं. मोबाईल घेऊन किकवीला गेलो, शिडीवर चढून पाच गुंठ्यांचा वरनं फोटो काढला. गोठा, चार खोल्या, गव्हाणी, सतरा शेळ्या, काळी माती. रात्रभर मशीन चालवून बारा बाय दहाचा फ्लेक्स छापला. आयुष्यात पैल्यांदा कुणाचं नाव न्हाई, शुभेच्छुक न्हाई, कायच लिव्हलं न्हाई. काल सकाळी सिद्धनाथनं आन् म्या त्यो वैनीच्या गुडघ्याला लागून अंथरला.

लई येळ तिनं बघितलंच न्हाई. मग एक डोळा उघडला.

"ही करडी गाभण हाय," ती म्हणली. "हिला पेंड कोण घालतंय?"

"कोण न्हाई," सिद्धनाथ म्हणला. "तुझी वाट बघतीया."

वैनीनं उजवा पाय उचलला. पांढरा, पाण्यानं फुगल्याला. त्यो किकवीच्या मातीवर टेकवला.

डावा अजून तिकडंच, दर्यात हाय. आमी दोघं कालपास्नं हितंच हाय, तिला हाका मारतोय.