आप्पांच्या झोपेतली सही

मित्रांनो, मी एक जुना शिक्का आहे, सहीचा. पोस्टातल्या भावंडांसारखा धपाधप आदळणारा नव्हे. माझ्या रबरावर चष्म्यांच्या दुकानवाल्या आप्पांची सही होती, तिच्या शेवटच्या झोकदार शेपटीसकट.

आप्पांचा उजवा हात लुळा पडला, तेव्हा त्यांनी मला करवून घेतलं. डाव्या मुठीत धरून ते मला पावत्यांवर टेकवत. एकदा चुकून मी माशीच्या पाठीवर उमटलो, तर ती अख्ख्या बाजारात दुकानाची मालकीण असल्यासारखी मिरवून आली. खोटं वाटत असेल तर त्या माशीला विचारा. दुकान खरं तर आप्पांची मुलगी चालवायची. पण तिनेही मला उचललं की आप्पा म्हणत, "ठेव खाली. काचा तू घास, सही मी करीन."

आप्पा गेले. तिचे डोळे सुकले नव्हते, तोच पुतण्या मृत्युपत्र घेऊन हजर. दुकान त्याच्या नावे, आणि खाली कोण? मी. ठळक, सरळ, निर्लज्जासारखा.

कोर्टात मुलीचा वकील म्हणाला, "शिक्क्याची सही ही सहीच नव्हे." माझ्या अंगाचा तिळपापड झाला. इतकी वर्षं मी काय कागदावर गोंदण काढत होतो?

न्यायाधीशबाई म्हणाल्या, "शिक्का चालतो. पण तो आप्पांनी स्वतः मारलेला हवा, नाहीतर समोर बसून मारायला सांगितलेला. साक्षीदारांनी ते पाहिलेलं हवं, निदान आप्पांच्या तोंडून ऐकलेलं तरी." मग त्या साक्षीदार न्हाव्याकडे वळल्या. "कोणी मारला?"

"पुतण्याने."

"आप्पा कुठे होते?"

"आतल्या खोलीत. घोरत होते."

"मग तुम्ही साक्षीदार म्हणून सही कशी केलीत?"

"बाई, चहा हातात दिला, कागद पुढे केला. शिक्का तर आप्पांचाच दिसत होता. चहा पिऊन नाही कसं म्हणायचं?"

दुसरा साक्षीदारही तोच चहा प्यायला होता. मृत्युपत्र रद्द झालं. दुकान मुलीकडे राहिलं.

दुकानात परतल्यावर तिने मला काच घासायच्या चाकावर धरलं. आप्पांचं नाव भुगा होऊन उडालं. दुखलं.

मित्रांनो, तुम्ही तिजोरीला कुलूप लावता आणि माझ्यासारख्याला टेबलावर उघडं टाकता. असं करू नका. आणि साक्षीला कोणी बोलावलं, तर चहा निवला तरी चालेल. आधी आत जा आणि त्या माणसाला उठवा.