दाराजवळचा पडदा

दुपारी बारा वाजता आमचा अतिशीत फ्रीज दुसऱ्या गटाच्या ताब्यात जाणार होता. माझी पुढची पाळी आठ महिन्यांनी, आणि प्रबंधाची मुदत सहा महिन्यांत संपणारी. आज काही दिसलं नाही तर पाच वर्षं पाण्यात.

फ्रीजच्या पोटातल्या डब्यात, नखाएवढ्या चिपवर, मी अतिवाहक धातूचं एक कडं बसवलं होतं, केसाहूनही कितीतरी बारीक. अशा धातूतून वीज बिनबोभाट धावते, उष्णता मात्र अडखळते. चुंबकाचं बटण फिरवलं की कड्यातली उष्णता ठरावीक लयीत वाढेल, घटेल, पुन्हा वाढेल, असं गणित सांगत होतं. माझ्या आलेखावर मात्र सरळ रेघ! डबा थंडगार, पण चिपवरचे इलेक्ट्रॉन काही केल्या निवेनात.

डब्याचं तापमान दाराजवळच्या मोठ्या पडद्यावर दर सेकंदाला झळकत होतं. तो पडदा माझीच हौस. माझ्या मार्गदर्शक बाई आत आल्या की आधी तापमान विचारतात. उत्तराला उशीर नको म्हणून गेल्या आठवड्यात मीच तो जोडला होता.

सव्वाअकराला थंडोबा आले. हे आमचे तंत्रज्ञ. नाव मीच ठेवलेलं. आग लागली तरी हा माणूस आधी चष्मा पुसेल. मी त्यांच्यापुढे रडगाणं गायलं, सगळ्या जोडण्या तपासल्याचं सांगितलं. त्यांनी चष्मा पुसला, पडद्याच्या केबलवर बोट ठेवलं आणि ते तसंच फिरवत फ्रीजपर्यंत चालत गेले.

"तान्ह्या बाळाला दर सेकंदाला हलवून 'झोपलास का' विचारलं, तर ते झोपेल का?"

काखेत कळसा अन् गावाला वळसा! पडद्याची विजेची गुरगुर त्या केबलमधून थेट आत शिरून माझ्या इलेक्ट्रॉनना ऊब देत होती. मी केबल उपटली. पडदा काळा झाला. आता डबा तापला असता तरी मला कळलं नसतं.

चिपवरचा, इलेक्ट्रॉनचं तापमान मोजणारा चिमुकला थर्मामीटर मात्र उतरू लागला. कशीबशी पंधरा मिनिटं कळ काढली आणि बटण फिरवलं. रेघ वर चढली. खाली आली. पुन्हा वर! मी थंडोबांचा हात गदागदा हलवला. इतका आनंद मला आजवर कधी झाला नव्हता. पण एकदाच दिसलेलं आमच्याकडे कुणी ग्राह्य धरत नाही. बटण शून्यावर आणून मी पहिल्यापासून सुरुवात केली.

बाराला पाच कमी असताना बाई आल्या, मागोमाग दुसऱ्या गटाचे प्रमुख, हातात फ्रीज उघडायचा पाना घेऊन. बाईंनी सवयीने दाराजवळ पाहिलं.

"किती?"

"माहीत नाही, बाई," मी म्हणाले आणि आलेख त्यांच्याकडे वळवला. दुसरी रेघ पहिलीवर तंतोतंत बसत चढत होती.

बाईंनी खुर्ची ओढली, प्रमुखांच्या हातातला पाना काढून घेतला आणि मांडीवर ठेवला.

"बसा," त्या त्यांना म्हणाल्या. "तिचा शेवटचा चढ बाकी आहे."