एका कोपऱ्याची साक्ष

मी मेणाच्या ठोकळ्यात बसवलेला एक तुकडा बोलतोय. लांबीला नखाएवढा, जाडीला सुतळीहूनही कमी. पत्ता म्हणाल तर रुग्णालयाचं तळघर, तपासणी विभाग, लोखंडी कपाट, चौथा खण. मला नाव नाही, नंबर आहे. शेजारीपाजारी हजारो आहेत, पण कुणी कुणाच्या उखाळ्यापाखाळ्या काढत नाही.

माझा जन्म एका सुताराच्या उजव्या फुफ्फुसात झाला. हो, मी कर्करोगाचाच तुकडा आहे, लपवून काय उपयोग? त्या माणसाने उभ्या जन्मात विडी ओढली नव्हती, तरी आम्ही झालो. आम्ही सगळे एकाच बिघडलेल्या पेशीची लेकरं. पेशी दोन होताना स्वतःची नक्कल करते आणि नक्कल करताना चुका होतात. एकाची चूक त्याच्या लेकरांत उतरते, लेकरं त्यात आपली भर घालतात. असं होता होता एकाच गाठीत निरनिराळ्या वळणाची घराणी झाली. आमच्या कोपऱ्यात सगळे माझ्यासारखे होते. मागे बरगडीकडे मात्र मूठभर वेगळेच होते. हे मला तेव्हाही माहीत होतं.

रंधा मारून झाला की सुतार लाकडावरचा भुसा फुंकायचा. ती फुंकर आमच्या शेजारून जायची. पुढे पुढे ती अर्ध्यावर तुटायला लागली आणि खोकल्याची उबळ यायला लागली.

मग सुई आली. ती आमच्या कोपऱ्यात शिरली म्हणून मी बाहेर पडलो. दोन बोटं मागे शिरली असती तर ही कहाणी दुसऱ्या कुणी सांगितली असती. मला लगेच औषधात बुडवलं, मेणात बसवलं. इथल्या तंत्रज्ञ ताईंनी माझे केसाहून पातळ काप काढले, रंगवले, काचेवर चढवले. थोडे काप जनुकांच्या तपासणीला गेले. मी खरं तेच सांगितलं: अमुक बिघाड आहे, त्यावर अमुक गोळी चालेल.

गोळी चालली. दोन महिन्यांत गाठ अर्ध्यावर आली, सुतार पुन्हा कामावर जायला लागला. मी आपला हरभऱ्याच्या झाडावर चढून बसलो. एवढ्याशा तुकड्याने एक माणूस वाचवला, असं मला वाटायचं.

ते चौदा महिने टिकलं. गोळीने माझ्या वळणाचे बहुतेक सगळे मारले. मोकळ्या झालेल्या जागेत त्या मूठभरांनी हातपाय पसरले, कारण त्यांना ती गोळी बाधतच नव्हती. नव्या स्कॅनमध्ये बाकी सगळं गप्प होतं आणि एकच गाठ वाढलेली दिसली.

एके दिवशी सुताराची लेक खिडकीशी आली. एकुलती एक, बँकेत नोकरीला.

"ताई, बाबांचा तो मेणाचा ब्लॉक हवाय. दुसऱ्या लॅबमध्ये दाखवायचाय."

"अहो, हा जुना आहे. हा तेव्हाचंच सांगणार. डॉक्टर नवीन तुकडा काढायचा म्हणत होते ना?"

"म्हणत होते. रक्ताच्या तपासणीत काही सापडलं नाही, म्हणून म्हणाले सुईच घालू. मीच नको म्हटलं. मागच्या वेळी फुफ्फुसाबाहेर हवा भरली, आठ दिवस छातीत नळी होती. मी बघितलंय ते. बाबांना परत नको."

ताईंनी सही घेतली. मी डबीत, डबी पर्समध्ये.

घरी तिने पर्स टेबलावर ठेवली आणि ती स्वयंपाकघरात गेली. सुताराने हळूच डबी उघडली. त्याचे हात मी पहिल्यांदाच बाहेरून पाहत होतो. एका अंगठ्याचं नख पार काळं पडलेलं.

"एवढासाच होय रे तू!" तो म्हणाला. "एका टोकाची ढलपी बघून मी कधी ओंडका घेतला नाही. आणि ही वेडी तुला विचारायला निघालीय." मग आवाज आणखी खाली आणून म्हणाला, "सुईला माझी ना नाही. पण मागे आठ दिवस ही पोरगी धड जेवली नाही, झोपली नाही. परत नको तिला ते."

"बाबा, ते ठेवा, पडेल," लेक दारातून म्हणाली.

"ठेवतो गं."

मग दोघांनी चहा घेतला. दाराची बिजागरी कुरकुरते यावर बराच वेळ बोलले.

मोठ्या लॅबने मला पुन्हा कातरलं, पुन्हा विचारलं. मी तेच उत्तर दिलं, छाती ठोकून दिलं. इतक्या खऱ्या उत्तराची मला आज लाज वाटते. त्याच्या भरवशावर तीच गोळी आणखी तीन महिने चालू राहिली. मग फुफ्फुसाभोवती पाणी झालं आणि नवा तुकडा काढावाच लागला. तो आमच्यातलाच, पण रूप पार बदललेलं, वाढ झपाट्याची. त्याचं औषधही वेगळं. ते सलाइनमधून सुरू झालं, छातीतली गाठ थोडी बसलीही, पण मधल्या काळात यकृतात उठलेली गाठ हटली नाही. तोवर अंगात ते सोसायची ताकद उरली नव्हती. सुतार गेला.

हे सारं मी लॅबमधून परतून लेकीच्या कपाटात बसून ऐकलं. परवा ती मला परत करायला आली. ताईंनी नंबर लावला आणि मला त्या नव्या तुकड्याशेजारी ठेवलं.

"ताई, तेव्हाच सुई घातली असती तर?"

"कसं सांगणार हो? वेगळं औषध तीन महिने आधी मिळालं असतं. त्याने किती फरक पडला असता, कुणाला माहीत."

"बाबा तयारच झाले नसते. फार घाबरले होते ते," लेक म्हणाली, आणि ताईंकडे बघत राहिली. ताईंनी मान हलवली आणि खण लोटला.

माणसांनो, मला काय विचारायचं ते विचारा. मी एका कोपऱ्याचं आणि एका दिवसाचं खरं सांगेन, त्यापलीकडे मला काही येत नाही. पण मला विचारण्याआधी एकदा एकमेकांना विचारत जा. टेबलाशी समोरासमोर तर बसलेले असता.

आणि पोरी, तुझा बाप घाबरला नव्हता गं. तो तुला जपत होता.